इंजिन न उतरवता, गाडीतच ठेवून बांधायचं का? (फोर्ड मॉडेल ए, १९२९)

हातपाना

मंडळी सल्ला हवाय. १९२९ ची मॉडेल ए आहे, चालू आहे पण चालणं म्हणजे कसंबसं. चढावर दम टाकते, मागून निळा धूर, आणि थ्रॉटल सोडला की एक हलकी टकटक येते, जोर दिला की ती गायब. काल प्लग काढून कॉम्प्रेशन घेतलं, गरम इंजिनवर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. १ नंबरला ५८ पौंड, दोनला ४०, तीनला ३८, चारला ५५. मग प्रत्येकात थोडं थोडं तेल टाकून परत घेतलं तर तीन नंबर ५२ वर गेला आणि दोन नंबर जागचा हलला नाही. १ आणि ४ मध्ये थोडाच फरक.

आता मुद्दा असा की माझ्याकडे चेन ब्लॉक नाही आणि शेडच्या तुळईवर एवढं वजन टांगायची माझी हिंमत नाही. रेडिएटर, हुड, पुढचं सगळं काढून इंजिन बाहेर घ्यायचं म्हणजे निम्मी गाडीच खोलणं झालं. म्हणून विचार करतोय की हेड वरून काढायचं, चेंबर (तळाची तेलाची परात) खालून काढायचं, आणि रिंगा, व्हॉल्व, बिग एंड (रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) जे काय असेल ते गाडीतच करायचं. कोणी पूर्ण केलंय का असं? की हे नुसतं ठिगळ लावणं होईल आणि पुढच्या वर्षी परत तेच?

बॅबिटप्रेमी

करता येतं, आणि हे इंजिन ज्या काळातलं आहे त्या काळात बहुतेक गॅरेजं असंच करायची. पण "पूर्ण" हा शब्द जरा जपून वापर. काय होतं आणि काय होत नाही ते आधी डोक्यात पक्कं कर मग पान्याला हात लाव.

तुझे आकडे चांगले बोलके आहेत. मूळ हेडचं कॉम्प्रेशन ४.२२ ला १, त्यामुळे गेजवर ६० च्या आसपास आलं की खूश व्हायचं, नव्या गाड्यांचे आकडे मनातून काढून टाक. तीन नंबर तेलाने वर गेला म्हणजे तिथे रिंगा किंवा बोअर (सिलिंडरचं भोक) झिजलेलं. दोन नंबर तेलाने हलला नाही म्हणजे व्हॉल्व बसत नाही, किंवा सीट जळलीय, किंवा १-२ च्या नाहीतर २-३ च्या मधल्या पट्टीवर हेड पॅकिंग फुटलंय. पॅकिंग फुटलं असतं तर शेजारचे दोन्ही सिलिंडर जोडीने पडतात, शिवाय ३ नंबर तेलाने सुधारला, म्हणून माझं मत व्हॉल्वकडे जास्त.

आणि ती टकटक. थ्रॉटल सोडल्यावर किंवा हलक्या लोडवर येते म्हणजे बहुधा बिग एंड. मेन बेअरिंगचा, म्हणजे क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगचा आवाज वेगळा, तो लोडवर येतो आणि खालून धप धप असा जड येतो. कुठला रॉड ते शोधणं या गाडीत एकदम सोपं कारण डिस्ट्रिब्युटरपासून प्लगपर्यंत वायरी नाहीतच, उघड्या पितळी पट्ट्या आहेत. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घे, टोक हेडला टेकव आणि दांडा प्लगच्या डोक्याकडे कलता कर, तो सिलिंडर बंद पडेल. ज्याला बंद केल्यावर आवाज जातो किंवा बदलतो तो रॉड गुन्हेगार. हात कोरडे ठेव, झटका बसतोच कधीतरी.

आता गाडीत काय होतं. हेड काढलं आणि चेंबर काढलं की पिस्टन रॉडसकट वरून निघतात. म्हणजे रिंगा, पिस्टन, होनिंग (बोअर आतून दगडाने घासणं), रॉडची बेअरिंगं, व्हॉल्व, गाइड, टॅपेट, हे सगळं आलं. मेन बेअरिंगच्या कॅपा एकेक करून खालून काढता येतात, म्हणजे शिमा (कॅपखालच्या पातळ पत्र्या) कमी करून क्लिअरन्स आणता येतो. टायमिंग गिअर पण होतो, फक्त इंजिनाचा पुढचा माउंट टायमिंग कव्हरवरच आहे, तेव्हा कव्हर काढायच्या आधी इंजिनाला पुढून लाकडाचा ठोकळा आणि जॅक देऊन आधार पाहिजे.

काय होत नाही: क्रँक बाहेर येत नाही. आणि क्रँक बाहेर येत नाही म्हणजे जर्नल (क्रँकचे बेअरिंगात फिरणारे गोल भाग) ग्राइंड होत नाहीत आणि मेनचं बॅबिट (बेअरिंगचा मऊ धातू) नवीन ओतता येत नाही, कारण ते सरळ ब्लॉकमध्येच ओतलेलं असतं आणि ओतल्यावर तिन्ही एका रेषेत बोअर करावी लागतात. आजच्या गाडीसारखं शेल काढलं शेल घातलं असं इथे नाही. त्यामुळे सगळा निर्णय क्रँक आणि मेनच्या हातात आहे. ते ठीक असतील तर गाडीतलं काम हे ठिगळ नाही, व्यवस्थित काम आहे. ते गेले असतील तर वर कितीही नवीन रिंगा घाल, पैसे आणि उन्हाळा दोन्ही वाया.

एक परीक्षा आत्ताच करून बघ, काही न खोलता. कोणाला तरी क्लच दाबायला सांग आणि तू समोर बसून क्रँक पुलीकडे बघ. क्लच दाबल्यावर पुली पुढे सरकताना डोळ्याला सरळ दिसली तर मागच्या मेनचा थ्रस्ट गेलाय, क्रँकचा पुढे-मागे रेटा तिथलंच बॅबिट घेतं. मग शिमांचा काही उपयोग नाही, इंजिन बाहेरच.

चेनब्लॉक

मी उलट्या बाजूने बोलणार, राग मानू नका 😄

हातपाना भाऊ, इंजिन बाहेर काढायचा कंटाळा म्हणून गाडीत करायचं हे कारण असेल तर नको करूस. चेन ब्लॉक भाड्याने मिळतो, तिपाई मिळते. उताणं पडून डोक्यावर हात करून बेअरिंग बसवणं म्हणजे काय ते एकदा करून बघ. कॉटर लावताना मान धरते, तोंडावर तेल पडतं, आणि मग माणूस "चालेल" म्हणतो. हा "चालेल" फार महाग पडतो. स्टँडवर इंजिन उलटं करून समोर उभं राहून काम करताना हाताला जे कळतं ते खाली झोपून कळत नाही.

पण माझा खरा आक्षेप कचऱ्याचा आहे. या इंजिनाला ऑइल फिल्टर नाही. पंप तेल उचलून व्हॉल्व चेंबरमध्ये टाकतो, तिथून ते नुसतं वजनाने नळ्यांतून मेनला उतरतं, उरलेलं बाहेरच्या परतीच्या पाइपातून खाली ट्रेमध्ये येतं आणि रॉडखालचे चमचे ते उडवतात. यात मध्ये गाळायला काहीही नाही. बोअर होन केल्यावर जी भुकटी पडते ती दगडाची आणि लोखंडाची. ब्लॉक बाहेर असला तर गरम पाणी, साबण, ब्रश, पाइप, मनसोक्त धुता येतो. गाडीत क्रँक खालीच आहे, कॅम तिथेच आहे. ती भुकटी बॅबिटमध्ये रुतून बसते, बॅबिट मऊ असतं ना, आणि मग तेच बेअरिंग पॉलिश पेपर होऊन क्रँक घासत बसतं.

आणि मागचं मेन. त्याला सील नाहीच, क्रँकवर तेल फेकणारी कडा आणि परतीची नळी एवढ्यावर भागवलंय. क्लिअरन्स वाढला की तेल सरळ क्लचवर. ते नीट करायचं तर फ्लायव्हील काढावं लागतं.

हातपाना

चेनब्लॉक दादा राग कसला, हेच ऐकायला विचारलंय.

क्लचची परीक्षा केली. पुली हलते पण अगदी किंचित, डायल गेज लावून बघितलं तर ६ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). स्क्रूड्रायव्हरने तीन नंबर बंद केल्यावर टकटक जवळजवळ गेली, दोन नंबर बंद केल्यावर थोडी बदलली. जड धप धप कुठे ऐकू आली नाही.

आता हेड काढायला बसलोय आणि ते हलायला तयार नाही. चौदाही नट निघाले, डिस्ट्रिब्युटर बाजूचा स्क्रू सैल करून वर काढला, पण हेड स्टडांवर गंजून बसलंय. छिन्नी घालून उचकटू का?

व्हॉल्वगप्पा

नाही!!! छिन्नी अजिबात नको, ब्लॉकचं तोंड खराब झालं की आयुष्यभर तिथून पाणी गळणार.

प्रत्येक स्टडच्या भोवती गंज सोडवणारं तेल टाक आणि रात्रभर सोड, दुसऱ्या दिवशी परत टाक. मधून मधून स्टडच्या डोक्यावर पितळी हातोडीने हलकेच ठोक, वरून, बाजूने नाही. मग प्लग परत लाव, नट दोन-तीन आटे वर सैल ठेव, आणि इंजिन फिरव. कॉम्प्रेशनच हेड उचलतं. तरी नाही झालं तर ज्या स्टडांवर अडकलंय असं वाटतं तिथे हेडच्या भोकाभोवती आच दे. पण थांब, आच देण्याआधी पेट्रोलची टाकी कुठे आहे ते आठव. या गाडीत टाकी कॉउलमध्येच आहे, म्हणजे इंजिनाच्या लगेच मागे आणि कार्बोरेटरच्या वर, पेट्रोल नुसतं उतारावर येतं. टाकी रिकामी केल्याशिवाय टॉर्च पेटवायचा नाही. नुसता खालचा कॉक बंद केला म्हणून विश्वास ठेवू नको, ते जुने कॉक पाझरतात. बॅटरीची वायर पण काढ, आणि या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ आहे हे लक्षात ठेव, सवयीने लोक उलटं करतात.

जुनं हेड पॅकिंग असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता खूप. ते कोरडं खरवडायचं नाही, ओलं करून काढायचं, मास्क लाव, आणि एअर गनने फुंकायचं तर नाहीच नाही.

हेड निघालं की पहिलं काम रिंगांचं नाही, ब्लॉकचं तोंड बघायचं. व्हॉल्वची सीट आणि बोअर यांच्यामध्ये जी अरुंद पट्टी आहे तिथे चीर पडते, या ब्लॉकचा तो जुना आजार. नुसत्या डोळ्याला दिसत नाही, साफ करून रंगाच्या पेनेट्रंटने तपास. लाल पसरवून पुसून पांढरी पावडर मारली की चीर लाल रेघ होऊन वर येते. चीर छोटी असेल तर पिना मारून टाचता येते, पण बोअरमध्ये खोल उतरली असेल तर चेनब्लॉक म्हणतो तेच, ब्लॉक बाहेर.

व्हॉल्वबद्दल. मॅनिफोल्ड काढून बाजूचं कव्हर काढलं की स्प्रिंगा समोर दिसतात. मूळ व्हॉल्व असतील तर दांड्याचं खालचं टोक छत्रीसारखं पसरट असतं, म्हणून ते गाइडमधून वर येत नाहीत. गाइड दोन अर्ध्यांत असते, ती खाली खेचून काढायची मग व्हॉल्व निघतो. जुन्या गाइडा कार्बनने चिकटलेल्या असतात, दोन दिवस तेल पिऊ दे. आणि टॅपेटला ॲडजस्टिंग स्क्रू नाही. गॅप कमी पडला तर व्हॉल्वच्या टोकाला ग्राइंडरवर थोडं घासायचं, जास्त झाला तर सीट अजून खाली घ्यायची, असला कारभार. कंपनीचा गॅप इनटेकला ०.०१० ते ०.०१३ आणि एक्झॉस्टला ०.०२० इंच. तू एवढं खोलतोच आहेस तर ॲडजस्ट होणारे टॅपेट घाल, बाहेरून कळत पण नाही आणि पुढच्या वेळी शिव्या घालाव्या लागत नाहीत. ओरिजिनल ओरिजिनल करणाऱ्यांनी मला माफ करावं.

सीट ४५ अंशाची. पायलट गाइडमध्ये घालून हाताचा कटर गाडीतच फिरवता येतो. गाइड झिजलेली असेल तर आधी गाइड बदल मग सीट काप, नाहीतर पायलटच वाकडा बसणार आणि सीट वाकडी कापली जाणार. शेवटी ग्राइंडिंग पेस्टने लॅपिंग, आणि त्या वेळी शेजारच्या बोअरमध्ये आणि पोर्टमध्ये चिंध्या कोंब. मोजून कोंब, मोजून काढ.

स्प्लिटपिन

मध्येच बोलतो, कामाचं एक. चेंबरचे बोल्ट काढताना हात खाली धरून ठेव. या इंजिनात ऑइल पंप चेंबरच्या आधारानेच वर राहतो, चेंबर खाली आलं की पंप पण सरळ खाली येतो, थेट कपाळावर. बसवताना उलटी तऱ्हा, चेंबर वर नेताना पंप घसरत राहतो, म्हणून तारेने किंवा कसाही तो वर अडकवून ठेवायचा.

आणि गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नका हो, पक्क्या घोड्या लावा, चाकांना ओट लावा.

हातपाना

अपडेट. हेड कॉम्प्रेशननेच सुटलं, व्हॉल्वगप्पा तुमचे उपकार. एक स्टड तुटला पण ब्लॉकच्या वर बोटभर शिल्लक राहून तुटला, त्यावर नट वेल्ड करून काढला. टाकी आधी रिकामी करून पेट्रोल गाडीपासून दूर नेलं होतं.

चीर नाही. दोन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व एका बाजूला जळून कातरल्यासारखा झालाय, सीट पण खड्डेदार. म्हणजे तेलाची परीक्षा बरोबर निघाली.

पिस्टनवर ०३० कोरलेलं आहे म्हणजे आधी एकदा बोअर झालंय. बोअर गेजने मोजलं, तीन नंबरला वर आणि खाली यात ८ थाउचा फरक, बाकी तिघांत ४ ते ५. वर कंगोरा आहे, नख अडकतं.

बिग एंड उघडले. तीन नंबरच्या बॅबिटमध्ये तडे, एक तुकडा हातात आला. दोन नंबरच्या कॅपमध्ये केसासारखी चीर. १ आणि ४ दिसायला चांगले. जर्नल मायक्रोमीटरने मोजले, चारही १.४९६ ते १.४९७ इंच, गोलाईत फरक पाऊण थाउच्या आत. मेन अजून उघडले नाहीत.

बोला, बाहेर की आत?

बॅबिटप्रेमी

आत, मेनवर अवलंबून.

नवा रॉड जर्नल १.४९८ चा असतो, तुझा एक-दोन थाउ झिजलाय आणि मुख्य म्हणजे गोल आहे. ग्राइंड न करता चालेल. जर्नल लंबगोल असता तर मी एका शब्दात बाहेर म्हटलं असतं, कारण लंबगोल जर्नलवर नवीन बॅबिट टिकत नाही, एका ठिकाणी घट्ट आणि दुसऱ्या ठिकाणी सैल, ठोकून ठोकून परत तडे.

रॉड चारही एकदम पाठव, दोनच नको. वजन जुळवून चौघांना नवीन बॅबिट ओतून तुझ्या जर्नलच्या मापाला बोअर करून घे. माप सांगताना "स्टँडर्ड" म्हणू नको, चारही आकडे लिहून दे. कॅपा आणि रॉड यांच्यावर नंबर पंच कर, कुठली बाजू कुठे ते पण. क्लिअरन्स एक ते दीड थाउ माग.

बोअर ८ थाउ टेपर म्हणजे सीमेवर. दहाच्या पुढे असतं तर पिस्टनसकट नवीन बोअरच म्हटलं असतं. तेही गाडीत होऊ शकतं बरं का, पूर्वी ब्लॉकच्या तोंडावर बोल्टने बसवायचे बोरिंग बार असायचे आणि गॅरेजवाले इंजिन न काढता बोअर करून द्यायचे, पण आज तसा माणूस आणि ती मशीन एका जागी सापडणं कठीण. ८ वर नवीन रिंगा घालून चालवता येतं, तीन नंबर थोडं तेल खाईल, ते मान्य करून पुढे जा.

कंगोरा मात्र पिस्टन ढकलायच्या आधी काप. रिजरीमर मिळतो. न कापता खालून ठोकलास तर रिंगेच्या खाचा फुटतात, आणि कापलाच नाही तर नवीन वरची रिंग चौकोनी कडेने त्या कंगोऱ्यावर आपटून मोडते. फक्त कंगोरा काप, बोअरमध्ये खोल जाऊ नको. रिंगेचा गॅप बोअरच्या सगळ्यात अरुंद जागी मोज, म्हणजे खाली, तुझ्या टेपर बोअरमध्ये वर मोजलास तर खाली गॅप मिटून रिंग जाम होईल. इंचाला साधारण ४ थाउ धर, म्हणजे १५-१६ थाउ.

आता मेन, आणि इथे गाडीतल्या कामाची खरी गोम आहे. प्लास्टिगेज (दाबून चपटी होऊन फट दाखवणारी मऊ पट्टी) वापरणार असशील तर ते खालून लावताना क्रँकचं आणि फ्लायव्हीलचं वजन खालच्या कॅपवर येतं. म्हणजे सगळी फट वर जाते, खाली पट्टी चपटी होते आणि क्लिअरन्स अर्धाच दिसतो, किंवा दिसतच नाही. लोक खूश होतात की वा मेन नवीन आहेत. म्हणून कॅप काढायच्या आधी शेजारच्या क्रँकच्या भागाला छोटा जॅक आणि मऊ लाकूड देऊन क्रँक हलकेच वर दाब, वरच्या बॅबिटला टेकली पाहिजे, मग पट्टी लाव. या क्रँकला काउंटरवेट नाहीत त्यामुळे टेकवायला जागा कमी, पण मिळते. एका वेळी एकच कॅप काढ, बाकी दोन कसलेल्या ठेव.

शिमा पातळ पितळी थरांच्या असतात, एकेक थर दोन थाउचा. दोन्ही बाजूंनी सारखा थर काढ. शिमा संपल्या म्हणून कॅप कानशीने घासायचा जुना जुगाड आहे, तो करू नको, भोक गोल राहत नाही. प्रत्येक कॅप कसल्यावर क्रँक हाताने फिरव. जड फिरली पाहिजे पण अडता कामा नये. अडली तर ती शेवटची कॅप घट्ट आहे, लगेच कळतं.

मेनच्या बॅबिटवर अंगठ्याने जोरात दाबून बघ. चीर असेल तर कडेने तेलाचा थेंब बाहेर येतो. आला तर चेनब्लॉकला फोन कर.

चेनब्लॉक

मी फोन उचलतो, काळजी नको 😄

बरं, मापं बघून मी माझा हट्ट सोडतो, जर्नल गोल आणि थ्रस्ट चांगला असेल तर इंजिन उतरवण्यात अर्थ नाही. पण कचऱ्याचं माझं म्हणणं तेच. होन करताना असं कर. क्रँकच्या चारही जर्नलवर आधी ग्रीस लाव, त्यावर प्लास्टिक गुंडाळून टेपने घट्ट बांध. प्रत्येक बोअरच्या खाली तेलात भिजवलेली चिंधी ताणून लाव म्हणजे भुकटी तिच्यावर पडेल. व्हॉल्व चेंबर आणि कॅमची बाजू पण झाक. एक बोअर होन झाला की तो आधी साफ कर मग पुढचा.

साफ करायला नुसतं पेट्रोल किंवा रॉकेल पुरत नाही, ते भुकटी खोबणीत तशीच ठेवतं. गरम पाणी आणि साबण लावलेला फडका, ब्रश, परत फडका, शेवटी लगेच तेल, नाहीतर पाच मिनिटांत गंज. आणि परीक्षा अशी की पांढऱ्या फडक्याला स्वच्छ तेल लावून बोअरमध्ये फिरवायचा. राखाडी झाला तर अजून कचरा आहे. पांढरा निघेपर्यंत करत राहायचं, इथे कंटाळा केला तर वरच्या सगळ्या मापांना काही अर्थ नाही.

चेंबर आणि आतला ट्रे पण नीट धू. तळाशी जो काळा चिखल असतो तो ९० वर्षांचा असू शकतो, आणि परतीच्या नळ्या तारेने मोकळ्या कर. मागच्या मेनच्या कॅपची नळी तुंबलेली असेल तर क्लचवर तेल येणारच, मग लोक म्हणतात मागचं मेन गेलं.

हातपाना

मेन उघडले, जॅक देऊनच. पुढचं दोन थाउ, मधलं तीन, मागचं दोनच्या जरा वर. दाबल्यावर कुठेच तेलाचा थेंब नाही. मधल्या मेनच्या शिमेचा एकेक थर दोन्हीकडून काढला तर एक थाउवर आलं आणि क्रँक छान जड फिरते. पुढचं-मागचं तसंच ठेवलं. जॅक न देता गंमत म्हणून पट्टी लावून बघितली तर मधल्या मेनवर एकच थाउ दाखवत होती, म्हणजे बॅबिटप्रेमी सांगतात ते शब्दशः खरं.

रॉड बॅबिटला गेलेत. बोअर होन करून पांढरा फडका निघाला (वेळ लागला हो चेनब्लॉक दादा). आता रॉड परत आले की दोन प्रश्न. एक, खालचे चमचे कुठल्या तोंडाने? दोन, पहिल्यांदा चालू करताना काय जपायचं?

व्हॉल्वगप्पा

चमच्याचं तोंड कॅमच्या बाजूला, म्हणजे व्हॉल्वच्या बाजूला. समोरून बघितलं तर क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरते, तळाशी रॉड कॅमकडे जातो, म्हणून तोंड तिकडे असलं तरच तेल भरतो. उलटा लागला तर इंजिन चालतं पण रॉडला तेल नीट पोचत नाही आणि नवीन बॅबिट पहिल्याच लांब फेरीत जातं. चारही बसवल्यावर चेंबर लावण्याआधी टॉर्च घेऊन परत एकदा बघ. आणि स्प्लिट पिना सगळ्या नवीन. नटाचं भोक जुळत नसेल तर नट मागे सैल करून जुळवू नको, पुढे कस, नाहीतर नट बदल.

बॅबिटप्रेमी

चेंबर बसवताना पुढच्या आणि मागच्या टोकाला जे दोरीसारखं पॅकिंग आहे ते आधी तेलात भिजव आणि थोडं जास्त लांब ठेव.

टायमिंगसाठी पुढच्या कव्हरवरची पिन उलटी करून आत घाल आणि इंजिन हळू फिरव, १ नंबर कॉम्प्रेशनवर आला की कॅमगिअरच्या खळग्यात पिन टपकन बसते. बसल्यावर पिन काढून परत सरळ लाव, विसरलास तर गिअरचे दात जातील, तो गिअर फायबरचा आहे. फायरिंग ऑर्डर १-२-४-३.

हेड ५५ फूट-पौंडला, मधून बाहेर, तीन टप्प्यांत. गरम झाल्यावर थंड करून परत, आणि थोडं चालवून परत एकदा. पहिल्या दोन-तीन वेळा नट थोडे फिरतीलच.

चालू करण्याआधी चेंबर तर भरशीलच, पाच क्वार्ट म्हणजे पावणेपाच लिटरच्या आसपास, पण डिस्ट्रिब्युटर बसवण्याआधी त्याच्या भोकातून साधारण लिटरभर तेल सरळ व्हॉल्व चेंबरमध्ये ओत, ते त्या पाचातलंच धर. तिथून ते मेनला उतरतं आणि पंप पकडेपर्यंत बेअरिंग कोरडी राहत नाहीत. मग प्लग काढलेले ठेवून हँडलने बरंच फिरव. हँडलने चालू करणार असशील तर स्पार्कचा लिव्हर पूर्ण वर, म्हणजे रिटार्ड. नाहीतर हँडल उलटं मारतं आणि मनगट जातं. अंगठा हँडलभोवती गुंडाळू नको, बोटांच्याच बाजूला ठेव.

चालू झालं की एकदम हळू आयडलवर सोडू नको, थोडं वरच्या वेगावर ठेव, तेल उडालं पाहिजे. पाणी बघ, आवाज ऐक. पहिले काही दिवस एकाच वेगाने लांब पळवू नको आणि चढावर लोड देऊ नको. शे-दीडशे किलोमीटरला तेल बदल, काढलेलं तेल उजेडात धरून बघ. बॅबिट रूपेरी चमकतं, थोडी चमक आली तर घाबरू नको, कण हाताला लागले तर चेंबर परत खाली.

स्प्लिटपिन

आणि चिंध्या मोजल्यास ना?

हातपाना

मोजल्या, अकरा गेल्या अकरा आल्या. रॉड आले की कॉम्प्रेशनचे नवीन आकडे इथेच टाकतो.